दार लावून घेतल्यावर : ख्रिस्ती साधनेतले मौन आणि एकांत

मराठीत न बोलण्याला अनेक नावे आहेत आणि त्यांतले प्रत्येक निराळे आहे. भांडणानंतर भावाभावांत किंवा जावाजावांत जो धरला जातो तो अबोला. मोठ्यांनी दटावल्यावर मूल बसते ते गप्प. आणि कुणावरही न रुसता, स्वतःहून ठरवून जे पाळले जाते ते मौन. अबोला समोरच्याला दुखावण्यासाठी असतो आणि गप्प बसण्यामागे बहुधा भीती असते. मौनात मात्र माणूस ऐकण्यासाठी थांबलेला असतो. ख्रिस्ती परंपरेने उपास, प्रार्थना आणि शास्त्रवाचन यांच्या बरोबरीने मौन आणि एकांत ही एक साधना मानली आहे, ती या तिसऱ्या अर्थाने.

मराठवाड्यातल्या आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, या साधनेविषयी फारसे बोलले जात नाही. त्याचे एक कारण चांगले आहे. आमची उपासना गाण्यातून वाढली. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, आणि पेटी, ढोलकी, टाळ यांच्याशिवाय आमच्याकडे रविवार उजाडत नाही. दुसरे कारण म्हणजे एक शंका, आणि ती मी अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे : हे मौन वगैरे आपल्याकडचे आहे का, की दुसऱ्या कुठून उचललेले आहे? शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर पवित्र शास्त्रातूनच द्यायला हवे.

आधी अर्थ स्पष्ट करून घेऊ. एकांत म्हणजे काही ठरावीक वेळ माणसांपासून आणि कामापासून बाजूला होणे. मौन म्हणजे त्या वेळात स्वतःचे बोलणे थांबवणे आणि बाहेरून येणारे बोलणेही शक्य तितके थांबवणे; यात मोबाइल आलाच. आज पुष्कळ माणसे तासन्‌तास एकटी बसलेली दिसतात, पण हातातल्या पडद्यावर शंभर जण त्यांच्याशी बोलत असतात, आणि त्याला एकांत म्हणता येणार नाही. मात्र या दोन्ही गोष्टी केल्या तरी साधनेची केवळ जागा तयार होते. ख्रिस्ती मौनाचा गाभा असा की ते कुणाच्या तरी समोर पाळले जाते. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळून आलेले अनेक शेजारी आणि मित्र आपल्याला भेटतात. तिथे साधक आपल्या श्वासाकडे आणि देहावरच्या संवेदनांकडे तटस्थपणे पाहायला शिकतो, आणि त्या शिस्तीविषयी मला आदर आहे. ख्रिस्ती साधकाची दिशा वेगळी असते, कारण त्याच्या लेखी खोलीत आणखी कुणीतरी असते. बाळ शमुवेलाला एली याजकाने रात्री जे वाक्य शिकवले, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’, त्यात ही सगळी साधना सामावलेली आहे.

एकटेपणा आणि एकांत यांतला फरक समजण्यासाठी आमच्याच भागातले एक नाव उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची एक वस्ती वसवली आणि तिला बेथेल हे नाव दिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. हे नाव पवित्र शास्त्रातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातले आहे. याकोब भावाला फसवून घर सोडून पळाला आहे, सूर्य मावळला म्हणून वाटेत थांबला आहे आणि उशाशी धोंडा घेऊन उघड्यावर झोपला आहे. हा एकांत त्याने निवडलेला नव्हता. भीतीने आणि अपराधाने त्याच्यावर आणलेले ते एकटेपण होते. त्याच रात्री स्वप्नात त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोहोचणारी शिडी दिसली, आणि जागा झाल्यावर तो जे म्हणाला त्याचा आशय असा : परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते ठाऊक नव्हते. रात्र तीच होती, उशाशी धोंडा तोच होता आणि सोबतीला माणूस कुणीच आले नव्हते. तरीही एकटेपणाचा एकांत झाला, कारण समोर कोण आहे हे कळले.

प्रभू येशूच्या चरित्रात ही सवय इतक्या वेळा येते की वाचता वाचता आपण ती ओलांडून जातो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूम गावात आदल्या संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटले होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एका निर्जन जागी प्रार्थनेला गेला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाल्याची बातमी आली तेव्हा तो बाजूला निघून गेला. बारा शिष्यांची निवड करण्याआधीची संपूर्ण रात्र त्याने डोंगरावर प्रार्थनेत घालवली. लोक आपल्याला बळेच राजा करणार आहेत हे कळताच तो पुन्हा एकटाच डोंगरावर गेला. थकवा, दुःख, मोठा निर्णय आणि लोकांनी केलेली वाहवा ही या प्रसंगांमागची चार कारणे माझ्या लक्षात आली आहेत. पहिल्या तीन वेळी एकांत हवासा वाटतो हे आपल्याला पटते. चौथ्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. लोक डोक्यावर घेतात तेव्हाच माणसाला स्वतःविषयी सर्वांत जास्त चुकीचे ऐकू येते, आणि पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) व पुढाऱ्यांनी हे कारण विशेष जपून वाचावे असे मला वाटते.

इथे एका शब्दाविषयी थोडे सांगणे भाग आहे. ज्या जागी येशू जात असे तिच्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘एरेमॉस’ असा आहे, म्हणजे ओसाड, माणसांनी सोडलेली जागा. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी अरण्य किंवा रान हे शब्द येतात, आणि अरण्य म्हटले की मनात झाडे उभी राहतात, सावली येते, पाखरे येतात. यहूदीयाचे अरण्य तसे नाही. ते उघडे, खडकाळ, पाण्यावाचून तडकलेले आहे. बालाघाटच्या पठारावरचा वैशाखातला माळ ज्याने पाहिला आहे, जिथे कुसळे वाळून गेली आहेत आणि नजरेला अडवायला एखादी बाभळ तेवढी उरली आहे, त्याला हे अरण्य समजायला नकाशा लागणार नाही. एकांताची जागा रमणीय असली पाहिजे ही कल्पना शास्त्रातून आलेली नाही. माळावर मन गुंतवायला काहीच नसते, आणि त्या जागेचा उपयोग त्यातच आहे.

मार्कचा सहावा अध्याय या विषयावर सर्वांत जास्त शिकवतो, आणि त्यातही एकांत मोडल्यावर काय करावे हे शिकवतो. शिष्य गावोगाव सेवा करून परत आले आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी आहे की त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, आणि येशू त्यांना म्हणतो की रानात एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. सगळे होडीत बसून निघतात. पण लोकांनी त्यांना जाताना पाहिले, किनाऱ्याने पायी धावत ते आधीच तिथे पोहोचले, आणि होडी लागली तेव्हा एकांताच्या जागी हजारोंचा समुदाय उभा होता. येशूला त्यांचा कळवळा आला, कारण ती मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होती. त्याने त्यांना शिकवले, उशीर झाल्यावर पाच हजार पुरुषांना जेवू घातले. आणि मग, हे महत्त्वाचे आहे, शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि तो स्वतः प्रार्थना करायला डोंगरावर गेला. त्याचा एकांत माणसांच्या गरजेपुढे लांबणीवर पडला, पण रद्द झाला नाही. पहाटे उठून बसलेल्या आईचे लेकरू नेमके तेव्हाच जागे होते, किंवा कुणाच्या दारात आजारी शेजारी येऊन उभा राहतो. तेव्हा उठून त्यांच्याकडे जाणे हा साधनेचा भंग नव्हे. दिवस संपायच्या आत पुन्हा परत येण्याची जागा मात्र मनात राखून ठेवावी लागते.

पुढच्या इतिहासाबद्दल थोडक्यात सांगतो. तिसऱ्या-चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्यांमध्ये अँथनीचे नाव (सुमारे २५१–३५६) सर्वांत प्रसिद्ध आहे. सुमारे वीस वर्षे तो एका पडक्या किल्ल्यात एकटा राहिला. शेवटी लोकांनी दार तोडले तेव्हा बाहेर आलेला माणूस, त्याचे चरित्र लिहिणाऱ्या अथनेशियसच्या सांगण्याप्रमाणे, शांत आणि निकोप होता, आणि तेव्हापासून तो भांडणाऱ्यांचा समेट करू लागला, दुःखितांचे सांत्वन करू लागला. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर मौनाचा नियम घालून दिला. १०८४ मध्ये ब्रूनोने फ्रान्सच्या डोंगरात मौन आणि एकांत पाळणाऱ्या कार्थुसियन मठसंघाची सुरुवात केली. १५२२ मध्ये इग्नेशियस लोयोला मानरेसा इथे राहिला, आणि तिथल्या अनुभवातून तीस दिवसांच्या साधनेची जी पद्धत घडली तिच्यावर कॅथलिक मंडळीतली अनेक रिट्रीट, म्हणजे एकांतातली साधना-शिबिरे, आजही आधारलेली आहेत. ही सारी कॅथलिक परंपरा झाली असे ज्या प्रोटेस्टंट वाचकाला वाटेल त्याने डीट्रिख बोनहोफरकडे पाहावे. हिटलरच्या काळात या जर्मन ल्यूथरन पाळकाने फिंकेनवाल्डे इथे तरुण पाळकांना तयार केले, तेव्हा रोज सकाळी अर्धा तास मौनात शास्त्रमनन करण्याचा नियम ठेवला, आणि विद्यार्थ्यांना तो सुरुवातीला फार जड गेला. ज्याला एकटे राहता येत नाही त्याने संगतीपासून सावध असावे, आणि जो संगतीत नाही त्याने एकटेपणापासून सावध असावे, असे तो शिकवीत असे.

आता प्रश्न असा की माणूस दार लावून बसल्यावर प्रत्यक्षात काय होते. शांती मिळते असे उत्तर बहुतेक जण देतात, आणि नवख्या माणसाची सर्वांत मोठी निराशा या उत्तरामुळेच होते. पहिल्या पाच मिनिटांत शांती मिळत नाही, आवाज वाढतो. कापसाच्या भावाची चिंता, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, लग्नात कुणीतरी सर्वांसमोर लावलेला बोल, आपण कुणाला तरी दिलेले आणि विसरलेले वचन, हे सगळे एकाच वेळी बोलू लागते. बाहेरचा गोंगाट चालू असताना हे आवाज नव्हते असे नाही. ते झाकलेले होते. वाळवंटातल्या मोशे नावाच्या वडिलांकडे एकाने उपदेश मागितला तेव्हा ते म्हणाले, ‘जा, आपल्या खोलीत बस, तुझी खोलीच तुला सगळे शिकवील.’ खोली आधी शिकवते ते हेच : आपण किती रागात आहोत, किती घाबरलेले आहोत, किती गोष्टींवाचून आपले अडते असे आपण मानून चाललो आहोत.

यानंतर येतो तो कंटाळा. ३९९ मध्ये मरण पावलेल्या एव्हाग्रियस नावाच्या साधूने त्याचे जे वर्णन केले आहे ते सोळाशे वर्षांनंतरही नेमके वाटते. सकाळी दहाच्या सुमारास सुरू होऊन दुपारी दोनपर्यंत छळणारा हा विचार साधकाला असे भासवतो की सूर्य जागचा हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा झाला आहे. तो त्याला पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लावतो, कुणी भाऊबंद येतो आहे का हे शोधायला लावतो, आणि मग या जागेचा, या कामाचा, या जगण्याचाच तिटकारा आणतो. स्तोत्रातल्या शब्दांवरून त्याला मध्यान्हीचा दैत्य म्हटले गेले. मे महिन्यात बाराच्या उन्हात, वीज गेलेल्या घरात ज्याने दुपार काढली आहे त्याला हा दैत्य ओळखीचा आहे. त्याच्यावर या परंपरेने सुचवलेला उपाय फार साधा आहे, तो म्हणजे जागा न सोडणे. विचारांशी झटापट करू नये, त्यांचा पाठलाग करू नये, आणि उठूनही जाऊ नये.

हे न उठणे म्हणजे काय ते मी पुस्तकाच्या आधी वडिलांकडून पाहिले. आमच्या शेताला थ्री-फेज वीज बहुधा रात्रीची मिळत असे आणि वडील दारे धरायला रात्री शेतात जात. लहानपणी मी कधी कधी त्यांच्यासोबत जाई. एका सरीत पाणी सोडले की ते दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत करण्यासारखे काहीही नसते. पाण्याला ढकलता येत नाही आणि सोडून घरीही जाता येत नाही, कारण सरी भरल्यावर वेळेत दारे मोडले नाही तर बांध फुटतो. वडील फावड्याच्या दांड्यावर हात टेकून बांधावर बसत, झोपत नसत, फारसे बोलत नसत. अंधारात पाणी कुठवर गेले हे त्यांना मातीच्या आवाजावरून कळे. पुढे प्रार्थनेत बसू लागलो तेव्हा आपण काही करत नाही आहोत याची मला लाज वाटत असे, आणि त्या रात्री आठवल्यावर ती लाज गेली.

प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी, हा प्रश्न आमच्या भागात बहुतेकदा जागेपासून सुरू होतो. दोन खोल्यांत सात माणसे राहतात तिथे एकांत कुठून आणायचा? येशू जेव्हा म्हणाला की प्रार्थना करतेवेळी आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, तेव्हा मत्तयाने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ कोठीची खोली असाही होतो, म्हणजे धान्य-सामान ठेवण्याची आतली जागा. देवघरासारखी सजवलेली खोली तिथे अभिप्रेत नाही. ज्वारीच्या पोत्यांमागचा कोपराही चालतो. पवित्र शास्त्रातल्या प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र यापो इथे भर दुपारी धाब्यावर प्रार्थनेला गेला असे लिहिले आहे, आणि ज्यांचे बालपण माळवदाच्या घरात गेले त्यांना ती जागा सांगावी लागणार नाही. ज्यांना जागा मिळतच नाही त्यांनी वेळ शोधावी : पहाटे नळाला पाणी येण्याआधीची, शेताच्या वाटेवरची, किंवा प्रार्थनामंदिरात उपासनेच्या अर्धा तास आधीची. घरातल्या बाईला ही वेळ सर्वांत कमी मिळते, आणि तिच्या वाट्याची दहा मिनिटे मोकळी करून देणे, म्हणजे तेवढा वेळ चूल, पाणी आणि लेकरे आपण सांभाळणे, ही घरातल्या पुरुषाची साधना आहे असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

आरंभी दहा मिनिटे पुरेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. उलटा ठेवून भागत नाही. पाठ ताठ ठेवून बसावे आणि एखादे लहान वचन एकदा सावकाश वाचावे. एकशे एकतिसावे स्तोत्र यासाठी मला फार जवळचे वाटते, कारण त्यात दूध तुटलेल्या बाळाची उपमा आहे. अंगावर पिणारे मूल आईजवळ आले की दुधासाठी धडपडते. दूध तुटलेले मूल काहीही न मागता नुसते आईला टेकून बसते. वाचून झाल्यावर शास्त्र मिटावे आणि थांबावे. मन भटकले की स्वतःला दोष न देता एखाद्या छोट्या वाक्याने परत यावे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतके म्हटली जाणारी ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना त्यासाठी चांगली आहे. दहा मिनिटांत वीस वेळा भटकलात तर वीस वेळा परत आलात, इतकाच त्याचा हिशेब. विशेष काही ऐकू आले पाहिजे, अंगावर काटा आला पाहिजे अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. बहुतेक दिवशी काहीच घडल्यासारखे वाटत नाही.

एक सावधगिरी मला मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण आपण ज्या जिल्ह्यांत राहतो तिथे ती न सांगणे हा अपराध ठरेल. कर्जाने, नापिकीने किंवा आजाराने खचलेला माणूस जेव्हा जेवण टाळून, बोलणे तोडून शेतात एकटाच बसू लागतो, तेव्हा त्याला एकांत म्हणून सोडून देऊ नये. एलीया संदेष्टा इतका खचला होता की त्याने झुडपाखाली बसून मरण मागितले. देवाने त्याला त्या क्षणी मौन शिकवले नाही. देवदूताने त्याला झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर आलेली ती मंद वाणी होरेब डोंगरावरची आहे, आणि तिथे पोहोचण्याआधी चाळीस दिवसांची वाट आहे. ज्याला निराशेने घेरले आहे त्याला आधी भाकर, झोप, माणसाचा हात आणि डॉक्टर हवा; मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. गेथशेमाने बागेत स्वतः येशूनेसुद्धा त्या रात्री मित्रांना सोबत नेले होते, आणि लूक सांगतो की तो त्यांच्यापासून धोंड्याच्या टप्प्याइतकाच दूर गेला.

साधना नीट चालली आहे की नाही हे बसण्याच्या वेळी कळत नाही, उठल्यानंतर कळते. पेत्र यापोच्या धाब्यावरून खाली उतरला तेव्हा दारात परके लोक त्याचा शोध घेत उभे होते, आणि ज्या परराष्ट्रीयाच्या घरात पाऊल ठेवणे त्याला कालपर्यंत निषिद्ध वाटत होते त्या कर्नेल्याच्या घरी तो दुसऱ्या दिवशी निघाला. म्हणून वेळ संपल्यावर लगेच मोबाइलकडे हात नेऊ नये. प्रभूची प्रार्थना हळू आवाजात म्हणावी आणि मग उठावे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन दार लावून घेण्याची आज्ञा सहाव्या वचनात आहे, आणि तीनच वचनांनंतर नवव्या वचनात ही प्रार्थना सुरू होते. दार लावलेले आहे, आत एकच माणूस आहे, बाहेर भांड्यांचा आवाज सुरू झाला आहे, कुणीतरी लेकराला शाळेसाठी उठवते आहे. आणि आतला माणूस म्हणतो, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. माझ्या नव्हे, आमच्या.